बारीक माणसाची साखर

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात बघा, दोघंही छान ‘नॉर्मल’. पण क्ष-किरणांच्या यंत्राखाली झोपवून अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. फोटोखालच्या चार ओळींत याज्ञिकांची मस्त फिरकी घेतलेली आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत ती गाठायला पळणं. त्याच ओळींत पुढे, जाता जाता सांगितल्यासारखं, याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं असंही म्हटलंय.

लिफ्टचा विनोद सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या डोक्यात ते जन्माच्या वजनाचं वाक्य रुतून बसलं, कारण मी त्या फोटोतल्या पुणेकराच्या गोटातली आहे. लहानपणी ‘वाऱ्यानं उडशील गं’ हे ऐकलं, लग्नात ‘हाडं टोचतात’ हे ऐकलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्याच देहयष्टीचं एकाएकी कौतुक सुरू झालं. काय मेंटेन केलंयस! मेंटेन-बिंटेन काही केलेलं नव्हतं. घराण्यातच सगळे काटकुळे. मग एका साध्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न काढता ‘थोडं वजन कमी करा’ म्हटलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. पुढे काय सांगावं हे त्यांना सुचेना. त्यांचा राग नाही आला. ज्या पुस्तकांवर ते शिकले, त्यांत माझ्यासारखी बाई नव्हतीच.

आपल्या मनात मधुमेही म्हणजे सुटलेलं पोट आणि श्रीखंडाची दुसरी वाटी. पण २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या ‘इंडियाब’ या देशभरातल्या पाहणीचे आकडे आले, त्यानुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. सगळ्यांत वर गोवा, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकापेक्षा जास्त. इतकी माणसं काही श्रीखंडाने मधुमेही झालेली नाहीत, आणि त्यांतली कितीतरी रस्त्यात समोरून आली तर आपण त्यांना सडसडीतच म्हणू.

हे कोडं सोडवायला सुरुवात झाली तीही पुण्याजवळच. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. दिवस जायच्या आधीपासून बायकांच्या नोंदी ठेवायच्या, गरोदरपणात त्या काय खातात, काय कामं करतात हे लिहायचं, आणि मूल जन्मलं की ते मोजायचं. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. गरोदरपणी दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायची. हे एवढं खाऊन पाणी आणायचं, शेतावर जायचं, धुणी धुवायची.

बाळ मोजायचं म्हणजे नुसतं तराजूत ठेवायचं नाही. दंडाचा घेर, डोक्याचा घेर, पोटाचा घेर. मग पाठीवर, खवाट्याच्या हाडाच्या जरा खाली, कातडीची घडी दोन बोटांत धरायची आणि चिमट्यासारख्या एका उपकरणाने तिची जाडी घ्यायची. त्या घडीत असते ती कातडीखालची चरबी. मग ही मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशेजारी मांडली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं ३.५. दंड बारीक, पोट लहान, सगळ्याच बाबतींत आपलं बाळ मागे. फक्त पाठीवरच्या त्या घडीत ते फारसं मागे नव्हतं. आईच्या पोटात जेवढं मिळालं त्यात या पोराने स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांवर कात्री चालवली होती आणि चरबी मात्र राखून ठेवली होती. याला त्यांनी नाव दिलं ‘थिन-फॅट’ बाळ. बारीक-लठ्ठ! ऐकायला विचित्र वाटतं, पण माझ्या घरातल्या निम्म्या लोकांचं यापेक्षा नेमकं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

पुढे ही बाळं मोठी झाली आणि अभ्यास त्यांच्या मागेमागे गेला. अठराव्या वर्षी त्यांच्यातल्या ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर नेहमीपेक्षा वर होती. जवळपास निम्म्या पोरांचा बीएमआय तेव्हा १८.५ च्याही खाली. खेड्यातली, हडकुळी, अठरा वर्षांची पोरं! त्यांना कोण म्हणणार होतं, वजन कमी करा?

माझं जन्माचं वजन काय होतं, हे मी आईला विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी माझी कुंडली परदेशी भाषेत मागितली होती. मी १९७३च्या सुरुवातीची, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळात मी तिच्या पोटात होते. ‘मिलो खाल्ली,’ ती म्हणाली, ‘तांबडी मिलो, ती बाहेरून आलेली ज्वारी. जनावरांचं खाणं म्हणायचे लोक. भाकरी थापली की कडा तुटायच्या.’ मग ती विहिरीवर आली: किती पायऱ्या उतराव्या लागायच्या, तळाशी वाटीने पाणी कसं भरायचं, घागर भरेपर्यंत पायांना कशा मुंग्या यायच्या. कोणत्या महिन्यापर्यंत उतरत होतीस, असं मी विचारलं. ‘शेवटपर्यंत. मग कोण आणणार?’ वजन काही तिला सांगता आलं नाही. काटाच नव्हता.

गंमत अशी की पुण्याच्या अभ्यासात गरोदर बाईच्या श्रमांचीही मोजदाद आहे, आणि जिथे कष्ट जास्त तिथे बाळ हलकं, असं त्यात दिसतं. आज मला डॉक्टर सांगतात, हालचाल वाढवा, जिना चढा. तेच जिने आईने घागर घेऊन चढले तेव्हा त्याची किंमत तिच्या पोटातल्या जिवाने दिली. व्यायाम आणि राबणं यांत शरीराची हालचाल सारखीच दिसते. फरक असतो तो आधी काय खाल्लंय आणि नंतर टेकायला मिळणार की नाही, याचा. चालण्याचे फायदे सांगणारे बरेच लेख ही एवढी गोष्ट गिळून टाकतात. त्याच अभ्यासात ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं त्यांची बाळं मोठी निघाली, हेही सांगून टाकते. कारण ‘उष्मांक वाढवा’ म्हणून भाताचा डोंगर वाढण्यापेक्षा मेथीची जुडी वेगळं काही करते.

आता माझ्या माहेरच्या जेवणाच्या टेबलाकडे येते. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा, माझा भाचा, धावतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या आधी तीन दिवस मी त्यांच्याकडे होते. वहिनीने कुकर उघडला. दादाच्या ताटात मोजून एक डाव भात. भाच्याच्या ताटात पर्वत, त्यावर वरण, बाजूला उकडलेले बटाटे, आणि हा पठ्ठ्या वरून केळं खातोय. ‘आत्या, ग्लायकोजेन भरतोय,’ तो म्हणाला. दादा त्या पर्वताकडे बघत राहिला. एकाच कुकरमधला, एकाच तांदळाचा भात; बापाला तो विष आणि लेकाला इंधन, असं का व्हावं? दोघांची गुणसूत्रं तर निम्मी तीच.

ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवलेली साखर. तिचं मोठं कोठार स्नायूंत असतं. स्नायू ही साखरेची कणगी म्हणा. ही कणगी कशी भरते, हे १९६६ साली स्टॉकहोममध्ये योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी शोधून काढलं, आणि ज्या रीतीने काढलं ती मला भलतीच आवडते. एकच सायकल. तिच्या एका बाजूला एक शास्त्रज्ञ बसला, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकाने डाव्या पायाने पेडल मारायचं, दुसऱ्याने उजव्या. दोघांचा एकेक पाय अगदी गळून जाईपर्यंत ते मारत राहिले. दुसरा पाय नुसता स्वस्थ. मग तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचे बारके तुकडे काढून बघितले. राबलेल्या पायात साखर स्वस्थ पायाच्या दुपटीच्या आसपास साठली होती. पोट एक, रक्त एक, जेवण एक; आणि दोन मांड्यांचा हिशेब निराळा. अन्न कुठे जातं हे ठरवण्यात मांडीचाही हात असतो म्हणायचा! पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी दाखवलं की आधीचे काही दिवस कर्बोदकं भरपूर खाल्लेला माणूस कर्बोदकं तोडलेल्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट वेळ सायकल रेटू शकतो. भाच्याचा भाताचा पर्वत थेट तिथून आलेला आहे.

मग दादाचं काय? १९९० साली येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने मधुमेही आणि निरोगी माणसांच्या स्नायूंत साखर कशी साठते ते जिवंत माणसात, स्नायूत सुई न खुपसता, चुंबकीय यंत्राने मोजलं. मधुमेह्यांच्या स्नायूंत साठवण निम्म्याहूनही कमी वेगाने होत होती. खाल्लेला भात रक्तात उतरतो, इन्शुलिन येऊन कणगीचं तोंड उघडायला बघतं, आणि ते उघडत नाही. मग साखर रक्तातच फिरत बसते, यकृतात जाऊन चरबी होते. आणि ज्याच्या कणग्या जन्मापासूनच लहान आणि थोड्या, त्याचं पोट सुटलेलं नसलं तरी ही वेळ लवकर येते. सहा गावांतल्या त्या बारीक दंडांचा अर्थ मला इथे लागला.

यातली दिलासा देणारी बाजू अशी की स्नायू आखडतो आणि सैल होतो तेव्हा त्याला साखर आत घ्यायला इन्शुलिनची परवानगी लागत नाही. साखर आत नेणारी प्रथिनं स्नायूपेशीच्या पोटातून पृष्ठभागावर येतात ती इन्शुलिनच्या हाकेने येतात, तशीच कामाच्या रेट्यानेही येतात. मधुमेह्यातही हा दुसरा रस्ता बऱ्यापैकी शाबूत असतो. शिवाय कामानंतर दिवस-दोन दिवस तो स्नायू इन्शुलिनचंही जरा जास्त ऐकतो. म्हणून रविवारी एकदा सिंहगड चढून आठवडाभर खुर्चीत बसणं, हा पुणेरी हिशेब मंगळवारपर्यंतच पुरतो.

पण काम म्हणजे कोणतं काम? इथे मला २०२३ सालचा एक प्रयोग भेटला आणि पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी केलंय. स्टॅनफर्डच्या डॉ. लता पलनिअप्पन यांच्या गटाने मुद्दाम बारीक मधुमेही निवडले, बीएमआय २५ च्या आतले, आणि त्यांत बहुसंख्य आशियाई वंशाचे. त्यांचे तीन गट केले. एकाने फक्त चालणं-सायकल, दुसऱ्याने फक्त वजनं उचलणं, तिसऱ्याने दोन्ही. नऊ महिन्यांनी वजनं उचलणाऱ्यांचा एचबीएवनसी सरासरी ०.४४ ने उतरला. नुसतं चालणं-सायकल करणाऱ्यांचा ०.२४ ने. आकडे लहान वाटतील, पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ०.४४ मध्ये उंबरठा ओलांडून परत अंगणात येता येतं. आणि ज्यांच्यात चरबीच्या मानाने स्नायू वाढले त्यांची साखर जास्त उतरली.

हे वाचून मी सोसायटीजवळच्या एका जिममध्ये गेले. तिथल्या तरुणाने मला वरपासून खालपर्यंत बघून सांगितलं, ‘मॅडम, तुम्हाला वजन कमी करायची गरजच नाहीये. तुम्ही योगा करा.’ मी म्हटलं, मला वजन उचलायचंय. तो हसला, आणि गुलाबी रंगाचे एकेक किलोचे डंबेल आणून दिले. घरी मी पाच किलोच्या आट्याची पिशवी एका हाताने माळ्यावर ठेवते हे त्याला कोण सांगणार! मुद्दा असा की बायकांनी, त्यातही बारीक बायकांनी, ताकदीचा व्यायाम करावा हे अजून आमच्या गल्लीत रुजलेलं नाही. वजन उतरवायचं असलं तरच व्यायाम. ते नसलं तर प्राणायाम. मी दुसरीकडे जाते आता. तिथे शिकवणारी मुलगी सातारची, कबड्डी खेळलेली. ती सांगते, ‘काकू, खुर्चीवरनं हात न टेकता उठा, मग बोलू.’ बैठका, पाठीवर पिशवी घेऊन पायरी चढणं, भिंतीला रेटा देणं आणि मग हळूहळू खरं लोखंड. मांड्या हे अंगातले सगळ्यांत मोठे स्नायू, त्यामुळे तिचा सगळा भर मांड्यांवर. दुसऱ्या दिवशी कमोडवरून उठताना ते कळतंच.

डॉक्टरांचं ते अर्धवट सुटलेलं ‘वजन कमी करा’ हे वाक्यही अगदीच वाया गेलेलं नाही, ही आणखी एक भानगड. ब्रिटनमधले रॉय टेलर यांनी आधी दाखवलं होतं की लठ्ठ मधुमेह्यांनी वजन बरंच उतरवलं तर अनेकांचा मधुमेह मागे हटतो. २०१७ सालच्या त्यांच्या प्रयोगात वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांचा हटला. मग त्यांनी नॉर्मल वजनाचे २० मधुमेही घेतले. त्यांना साधारण साडेसहा टक्के वजन उतरवायला लावलं, आणि १४ जणांची साखर औषधाशिवाय ताळ्यावर आली. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली होती. टेलर यांचं म्हणणं असं की प्रत्येकाची चरबी साठवायची आपापली मर्यादा असते, आणि ती ओलांडली की बीएमआय २४ असला तरी साखर बिघडते. पटतं. पण त्यांच्या त्या ‘नॉर्मल’ लोकांचा बीएमआय २५ च्या अलीकडे-पलीकडे होता. माझा २०. मी साडेसहा टक्के उतरवले तर त्यात आधी मांडी जाईल की पोट, याची खात्री कोण देणार? शिवाय मधुमेहातही पोटजाती आहेत. पुण्यातल्या पंचेचाळिशीच्या आतल्या मधुमेह्यांत इन्शुलिनच कमी पडतं असा गट सगळ्यांत मोठा निघाला, निम्म्याहून जास्त. युरोपात तो बराच लहान असतो. त्यामुळे युरोपातली प्रत्येक चांगली बातमी इथे जशीच्या तशी उतरेल, असं धरून चालणं मला जड जातं.

खाण्याचं बोलायचं तर महाराष्ट्रात आधी पंथ विचारावा लागतो. दिवसातून दोनदाच जेवणारे एका बाजूला, दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे दुसऱ्या बाजूला, आणि एका लग्नात दोन्ही पंथांचे व्याही भेटले की जेवणाच्या टेबलावर जे रण माजतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. मला दोन्हींबद्दल आदर आहे, कारण दोन्हींमुळे माणसं निदान येताजाता फरसाण खायची थांबली. मात्र किती वेळा खायचं यावर आपण जितकं भांडतो, त्याच्या पावपटही काय खातो यावर भांडत नाही. २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये इंडियाबच्याच लोकांनी देशाचं ताट मांडलं. आपल्या कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि १२ टक्के प्रथिनांतून. पुण्यात ज्यावर मोठा गहजब व्हावा असं त्यातलं वाक्य वेगळंच होतं. पांढऱ्या भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांच्याच जागी थोडी प्रथिनं आणली तर दिसतो. ‘मी भात सोडला’ असं अभिमानाने सांगून तीन पोळ्या, किंवा ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या खाणाऱ्या अख्ख्या पिढीला हे कोण सांगणार? पाहणीच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे, प्रयोग करून नव्हे. तेवढी सावधगिरी राखूनही तो मला आमच्या स्वयंपाकघरात खरा वाटतो. आमचं वरण म्हणजे पिवळं पाणी आणि तळाशी थोडी डाळ. उपासाला तर साबुदाणा, बटाटा, रताळं, म्हणजे पिष्टाला पिष्टाची जोड. त्यातलं दाण्याचं कूट हीच काय ती प्रथिनांची इभ्रत. आता मी वरण घट्ट करते. उसळ ‘तोंडी लावायला’ घेत नाही, वाडगा भरून घेते. अंडी घरात आली तेव्हा सासूबाईंनी वेगळं भांडं काढून दिलं, एवढ्यावर भागलं.

दंडाला चिकटवायचा तो साखर मोजणारा सेन्सर मीही लावून बघितला. फोनवर आलेख येतो. नुसते कांदेपोहे खाल्ले की रेघ सिंहगडाच्या पायवाटेसारखी उभी चढायची. आधी मुगाची उसळ आणि काकडी खाऊन मग निम्मे पोहे घेतले की टेकडीवर फिरायला गेल्यासारखी सावकाश. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली हेच मधुमेह्यांवर करून बघितलं होतं: तेच जेवण, पण भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस शेवटी, तासाभराने साखर ३७ टक्के कमी. आपल्या पंगतीचा मजेशीर भाग असा की पानात वाढायला सुरुवात होते मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी अगदी संशोधनाला धरून, आणि ‘पार्वतीपते’ झालं की सगळे पहिला हात घालतात तो मधल्या वरणभाताच्या मुदीला. कोशिंबीर कडेला शोभेची.

पण एवढ्यावर फुशारकी मारायला नको. २०२५ सालीच स्टॅनफर्डमध्ये पन्नासेक लोकांना भात, पाव, बटाटे, द्राक्षं असे एकेक पदार्थ खायला देऊन असेच सेन्सर लावले होते. भाताने बहुतेकांची रेघ चढवली. ज्यांची बटाट्याने जास्त चढली ते इन्शुलिनला न जुमानणाऱ्या गटातले निघाले. आणि आधी तंतू, प्रथिनं किंवा चरबी खायची युक्ती ज्यांचं शरीर आधीच इन्शुलिनचं ऐकतं त्यांना जास्त लागू पडली; ज्यांना खरी गरज, त्यांना कमी. म्हणजे कोशिंबिरीचा उपयोग दादापेक्षा भाच्यालाच अधिक! हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.

त्याला मी सांगितली ती शतपावली. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ साली साठीच्या पुढच्या, उंबरठ्यावरच्या दहा जणांना एकदा सकाळी सलग ४५ मिनिटं चालवलं, आणि एकदा तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. दिवसभराची साखर दोन्हींत सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात जेवणानंतरचं चालणंच वरचढ ठरलं. रात्री साखर जास्त रेंगाळते, आणि आपण तर रात्री जेवून थेट सोफ्यावर. दादा आता गच्चीवर फेऱ्या मारतो. फोनवर बोलत मारतो, त्यामुळे मित्रांना त्याचं जेवण झाल्याचं कळतं.

भाचा बिटाचा रसही पितो. त्यामागेही संशोधन आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात अँड्र्यू जोन्स यांच्या गटाने २००९ साली रोज अर्धा लिटर बिटाचा रस काही दिवस पाजून दाखवलं की त्याच मेहनतीला ऑक्सिजन कमी लागतो. बिटातल्या नायट्रेटवर आधी तोंडातले जंतू काम करतात, म्हणून जंतुनाशकाने खळखळून चुळा भरल्या तर परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. भाचा रस पिऊन लगेच त्या निळ्या पाण्याने चुळा भरायचा. ते मी थांबवलं. मॅरेथॉनमधली त्याची वेळ सुधारली, पण ती बिटाने की सरावाने यावर बापलेकांत एकमत नाही.

परवा आईच्या वाढदिवसाला सगळे जमलो. मी जाहीर केलं, आज आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, वरणभात शेवटी, आणि अर्धाच. वहिनीने मान डोलावली, दादाने नाक मुरडलं, भाच्याने शर्यत झाली म्हणून आपल्याला सूट मागितली. आई मुदीवर तुळशीपत्र ठेवत होती. ती म्हणाली, ‘देवाला काय कोशिंबीर दाखवू का आधी?’

मी म्हटलं, ‘देवाची साखर कुठे वाढलीय?’

‘मग माझी तरी कुठे वाढलीय?’ म्हणाली, आणि तूप घालून पहिला घास भाताचाच घेतला. तिचा एचबीएवनसी ५.४ आहे. मिलोची भाकरी, विहिरीच्या पायऱ्या आणि आजवरची सगळी मूद पचवून ५.४. याचा खुलासा करणारा शोधनिबंध मला अजून सापडलेला नाही.